खिंडीतला घास

ही गोष्ट खरी आहे.

भुताची गोष्ट सांगणारा प्रत्येक जण असंच म्हणतो, हे मला ठाऊक आहे. पण माझा नाइलाज वेगळा आहे. ही गोष्ट ज्याच्या घरात घडली, त्या माझ्या मावसभावाला, अभयला, कल्पनाशक्ती नावाचा अवयवच नाही. औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासण्यात त्याचा जन्म गेला. गोळी पांढरी असेल तर पांढरी म्हणायची, पिवळट दिसली तर परत पाठवायची. असा माणूस भुताची थाप मारत नाही. त्याला जमतच नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. अमावास्या नव्हती. मध्यरात्र नव्हती. वीज गेली नव्हती आणि कुत्रंही रडत नव्हतं.

गेल्या डिसेंबरातला रविवार होता. लख्ख ऊन पडलं होतं.

जागा म्हणजे कात्रजच्या पलीकडच्या डोंगरातलं एक वनउद्यान. नाव सांगणार नाही. सांगितलं तर घाबरून कोणी जायचं थांबेल असं मुळीच नाही; पुढच्या रविवारी तिथे गाडी लावायला जागा मिळणार नाही, एवढंच.

तर अभय.

अभयला किळस फार. रसवंतीच्या ग्लासाची किळस, हॉटेलातल्या ओल्या फडक्याची किळस, बोटाला थुंकी लावून पानं उलटणाऱ्यांची किळस. उष्ट्याचं तर विचारूच नका. "उष्टं म्हणजे दुसऱ्याची लाळ," असं तो लहानपणी भर पंगतीत म्हणाला होता, आणि मावशीने त्या दिवशी त्याला श्रीखंड वाढलं नव्हतं.

पण सगळ्यात मोठी किळस आवाजाची. तोंड उघडं ठेवून मचमच करत जेवणारा माणूस समोर आला की अभयच्या मानेवरची शीर उडायला लागते. एका लग्नात तो शेजारच्या पानावरच्या आमटीच्या भुरक्यामुळे उठून निघून आला होता. भुरका मुलीच्या वडिलांचा होता. ते घर अजून आमच्याशी बोलत नाही.

त्याची बायको सुनीती. शाळेत भूगोल शिकवायची. शांत, मिश्कील बाई. जेवताना तिचा आवाज म्हणून येत नसे. "सुनीती जेवते की नाही हे डोळ्यांनीच बघावं लागतं," असं अभय कौतुकाने सांगायचा. माझी अशी शंका आहे की त्याने लग्नही एवढ्याच एका गुणावर ठरवलं असावं.

मागच्या वर्षी सुनीतीचं आतड्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं.

फक्त तिची अन्नावरची वासना उडाली.

घास तोंडात घ्यायची, घोळवत बसायची, डोळ्यांत पाणी यायचं. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "माझं काम मी केलंय. आता या जेवल्या तर राहतील." डॉक्टर पुण्याचेच, त्यामुळे याहून जास्त बोलले नाहीत.

तेव्हापासून अभयचं सगळं आयुष्य सुनीतीच्या पुढच्या घासावर येऊन बसलं. मी सकाळी फोन करून "कसा आहेस?" विचारलं, तर उत्तर यायचं, "अर्धी इडली." आवाजावरून कळायचं की चांगला आहे.

आणि एक दिवस सुनीती आपणहून म्हणाली, "अहो, डोंगरावर जाऊ या का? तिथे मला नेहमी भूक लागायची."

अभय पाठपिशवी काढायला तसाच माळ्यावर चढला.

वनउद्यानाच्या फाटकाशी तिकिटाची खिडकी आहे. खिडकीशेजारी हिरवा फलक आहे: "आपला कचरा आपणच परत न्यावा." फलकाखाली, त्याच्या सावलीत, कचऱ्याचा ढीग आहे.

अभयने एक सुस्कारा सोडला आणि पाठपिशवीतून आपलं सामान काढलं. हातमोजे, लांब चिमटा, आणि दोन काळ्या पिशव्या. एक ओल्या कचऱ्याची, एक सुक्याची. कितीतरी वर्षांची त्याची ही सवय. लोक डोंगरावर हवा खायला जातात. अभय लोकांचं खरकटं उचलायला जातो.

पायवाटेवर त्या दिवशी काय नव्हतं? ओले टिश्यू होते. दह्याचे डबे होते. करवंदीच्या जाळीला लहान मुलाचं वापरलेलं डायपर लटकवलेलं होतं, नीट घडी घालून. कातळावर गुटख्याची ताजी पिंक, अजून ओघळत असलेली. एका वळणावर कोणीतरी उलटी केली होती आणि ती सभ्यपणे वर्तमानपत्राने झाकली होती.

पुढे चालणाऱ्या एका तरुणाने सामोशाचा तेलकट कागद चुरगळून मागे टाकला.

"अहो, आपलं काहीतरी पडलं," अभय म्हणाला.

"वेस्ट आहे ते, अंकल."

"हो, ते दिसलं. घरीही असंच टाकता का, की घरी उचलायला आई आहे?"

"चिल ना, अंकल," असं म्हणून तो पुढे गेला. तोंडात सामोसा होता. तोंड उघडं होतं.

अभयने कागद उचलला. सुनीती हसत होती. ती थांबत थांबत, काठीवर भार देत चढत होती, पण तिच्या गालांवर जरा रंग आला होता.

"वास चांगला येतोय हो," ती म्हणाली. "गवताचा."

अभयला आतापर्यंत फक्त डायपरचाच येत होता. तरी त्याला बरं वाटलं.

अशा रीतीने ती दोघं खिंडीत पोचली.

खिंडीच्या तोंडाशी हिरड्याचं मोठं झाड आहे. झाडाखाली डहाळ्यांचा ढीग होता, चांगला गुडघ्याइतका. येणारा-जाणारा झाडाची एक डहाळी मोडून ढिगावर ठेवत होता, आणि त्या डहाळीवर एक घास. कोणी भाकरीचा तुकडा, कोणी भजं, कोणी बिस्किट. मघाचा तो तरुणसुद्धा थांबला आणि सामोशाचं टोक ठेवून पुढे गेला.

बाजूला निळ्या ताडपत्रीखाली सोजरबाई बसली होती. लिंबू सरबत, ताक आणि गरम कांदाभजी विकणारी खालच्या वाडीतली बाई.

"पयला घास ठिवा ताई, मग खावा," ती सुनीतीला म्हणाली.

"कुणासाठी?" अभयने विचारलं.

"खिंडीसाठी."

"खिंड खाते?"

"रोज ठिवतो, तरी ढीग काय वाढत न्हाई. म्हंजे कुनीतरी खातंयच की."

"उंदीर खात असतील."

"मग उंदराला ठिवा. भजी देऊ?"

अभयने तिच्या तेलाच्या रंगाकडे पाहिलं आणि नको म्हणाला. सोजरबाईने खांदे उडवले, रिकामा कॅन उचलला आणि झऱ्याचं पाणी आणायला खाली उतरली.

अभय ढिगाजवळ गेला.

ओलीचिंब पानं. भिजून लगदा झालेले पाव. बुरशीने केसाळ झालेली भाकरी. इतक्या सुंदर खिंडीत हा उकिरडा, आणि वर त्याला नमस्कार!

"असू द्या हो," सुनीती दगडावर टेकत म्हणाली. "लोकांची श्रद्धा असते."

"श्रद्धा राहू दे इथेच. मी फक्त ओला कचरा उचलतोय."

तो डहाळ्या पिशवीत भरायला लागला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हातमोजे पाहिले आणि हा सरकारी माणूस असणार असं समजून कोणी काही विचारलं नाही. एकाने फोटो काढला.

अर्धा ढीग उचलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं...

एकही माशी नव्हती.

एवढं अन्न सडत होतं. उघड्यावर. भर उन्हात. पण माशी नाही, मुंगी नाही, किडा नाही. दगड उचलला की एरवी डोंगरात काहीतरी पळतं. इथे काहीच पळालं नाही.

जसं काही तिथे जायची कुणाची हिंमतच नव्हती.

सगळ्यात खाली कातळ लागला. कातळाला एक खोलगट वाटी पडलेली होती, परातीएवढी. भोवतालचा डोंगर कोरडा ठणठणीत. आणि ही वाटी मात्र ओली. गुळगुळीत... चकचकीत... चाटूनपुसून घेतलेल्या ताटासारखी.

अभयने चिकटलेलं पान काढायला बोट लावलं.

मोज्यातूनही त्याला कळलं. कातळ कोमट होता.

आणि वास आला. कुजल्याचा नव्हे. तो वेगळा असतो. हा वास होता सकाळी न घासलेल्या तोंडाचा.

अभयने ते पान ओढून काढलं, पिशवीची गाठ मारली आणि मोज्यांसकट हात सॅनिटायझरने धुतले.

थोडं पुढे, खिंड ओलांडून, एक सपाट दगड पाहून ती दोघं बसली. समोर दूरवर पुणं पसरलेलं. धुरकट, पण दुरून गोंडस.

"भूक लागल्यासारखं वाटतंय," सुनीती म्हणाली.

अभयचा हात डब्याकडे कसा गेला ते त्याचं त्याला कळलं नाही. त्याने सकाळी स्वतः थालीपीठ लावलं होतं. वर लोण्याचा गोळा. त्याने डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि आपण मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिला. घासाकडे टक लावलं की ती अवघडते, हे तो वर्षभरात शिकला होता.

जरा वेळाने त्याने तिरक्या डोळ्याने पाहिलं.

थालीपीठाचा एक घास गेला होता. काठाला नीट चंद्रकोर.

"खाल्लंस!" त्याचा आवाज चिरकला.

"मी कुठे? मी आत्ता झाकण उघडतेय."

दोघांनी डब्यात पाहिलं. चंद्रकोरीची कड ओली होती. लाळेची एक बारीक तार थालीपीठापासून डब्याच्या काठापर्यंत आली होती आणि उन्हात चमकत होती.

तेवढ्यात आवाज आला.

मच... मच... मच...

सावकाश. तोंड उघडं ठेवून. चव घेत घेत.

इथे भीती वाटायला हवी होती, हे अभयही मान्य करतो. पण अभयला राग आला. तो ताडकन उठला आणि "कोण आहे रे तिकडे? तोंड मिटून खाता येत नाही?" असं ओरडला.

दगडामागे कोणी नव्हतं. वाटेवर कोणी नव्हतं. झाडावर कोणी नव्हतं.

आवाज थांबला...

भुताला जेवणाच्या रीतभातीवरून दटावणारा माणूस पुण्यातच सापडणार.

सुनीतीने दुसऱ्या बाजूने तुकडा मोडला आणि तोंडात घातला. लगेच तो हातावर काढला. तिचा चेहरा वेडावाकडा झाला होता.

"काय झालं?"

"उष्टं लागतंय," ती म्हणाली. "कुणीतरी आधी चावून ठेवल्यासारखं."

उतरताना तो आवाज मागे होता.

ती दोघं थांबली की थांबायचा. चालायला लागली की पुन्हा मच... मच... अभय वळून पाहायचा. वाट रिकामी.

पार्किंगमध्ये आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आवाज मागून येत नव्हता. त्याच्या हातातून येत होता.

त्याने ओल्या कचऱ्याची गाठ सोडली. आत फक्त डहाळ्या होत्या. भाकरी, पाव, भजी, सामोशाचं टोक... काही नव्हतं.

त्याने सुकी पिशवी उघडली. तेलकट कागद पांढरेस्वच्छ झाले होते. वेफर्सच्या पाकिटांत आत मिठाचा कणसुद्धा उरला नव्हता. दह्याचे डबे विसळून ठेवल्यासारखे.

आणि डायपर...

डायपरबद्दल अभय अजूनही बोलत नाही. मीही विचारलेलं नाही.

"मुंगूस शिरलं असेल," तो सुनीतीला म्हणाला.

गाठ मारलेल्या पिशवीत मुंगूस शिरतं, खातं आणि परत गाठ मारून जातं, असं त्याने स्वतःला पटवलं. इतकी कल्पनाशक्ती त्याने जन्मात पहिल्यांदाच वापरली.

आता कोणीही शहाणा माणूस ती पिशवी तिथेच फेकून आला असता. अभयने फेकली नाही. कारण फलक होता. आपला कचरा आपणच परत न्यावा. त्याने ती डिकीत ठेवली, सहकारनगरला घरी आणली, आणि ओला कचरा ओल्यात म्हणून त्या डहाळ्या सोसायटीच्या खतखड्ड्यात नेऊन टाकल्या. खतखड्डा त्यानेच भांडून भांडून करवून घेतला होता. त्याचा अभिमान होता तो.

त्या रात्री सुनीतीने मऊभाताचा घास उचलला. चमचा तोंडात गेला, ओठ मिटले...

आणि ती तशीच थांबली.

"चमच्यात काही नव्हतं," ती म्हणाली.

"मी पाहिलं ना, होता भात."

"मीही पाहिलं."

दुसरा घास आला. तो तिने गिळायचा प्रयत्न केला आणि बेसिनकडे धावली. उष्टा. तिसरा, तोही उष्टा. दुसऱ्या दिवशी खिमट, फळांचा रस, नारळपाणी. पहिला घोट नाहीसा व्हायचा आणि उरलेल्याला ती चव. ग्लासच्या काठावर प्रत्येक वेळी ओठांचा ओला ठसा. सुनीतीचे ओठ बारीक आहेत. तो ठसा रुंद होता.

अभयचं जेवण व्यवस्थित होतं. त्याच्या ताटाला कोणी शिवत नव्हतं. म्हणजे समोर बायको उपाशी, आणि आपल्या आमटीला उत्तम चव. त्यानेही जेवण टाकलं.

चार-पाच दिवसांत सुनीती उठून बसेनाशी झाली. अर्धी इडली हीसुद्धा श्रीमंती वाटायला लागली. मी फोन केला तर अभय नुसता "नाही" म्हणाला आणि ठेवून दिला. डॉक्टर म्हणाले, सोमवारी ॲडमिट करा, नळीने द्यावं लागेल.

इकडे सोसायटीचे अध्यक्ष पोपटराव लाड भलतेच खूश होते. जिन्यात त्यांनी अभयला गाठलं.

"अभयराव, तुमच्या खड्ड्याने कमाल केली हो! अख्ख्या इमारतीचा ओला कचरा टाकतोय, सकाळी पाहावं तर खड्डा रिकामा! बाजूला उंदीर नाही, चिलट नाही. आपण स्पर्धेत नाव देऊ या."

"खत किती निघालं?" अभयने विचारलं.

पोपटराव विचारात पडले.

"खत... नाही निघालं बुवा अजून."

अभय वर आला. सुनीती उशीला टेकून खिडकीबाहेर पाहत होती.

"अहो," ती म्हणाली, "आपण ते तिथून उचलून आणलं ना. परत ठेवून येऊ या."

"तुझा विश्वास आहे यावर?"

"विश्वासाचं काय? मला भूक लागलीये. त्या दिवशीपासून लागलीये. आणि कोणीतरी मला खाऊ देत नाहीये."

अभय पलंगाच्या कडेला टेकला. मग तो हळूच म्हणाला, "पण उचललं मी. मग ते तुझ्याच मागे का?"

सुनीती हसली. हसण्यापुरतीही ताकद तिच्यात नव्हती, तरी हसली.

"वर्षभर तुम्ही माझ्याच घासाकडे डोळे लावून बसलाय. त्यालाही वाटलं असेल, हाच चांगला दिसतोय."

भर दुपारी अभय खतखड्ड्यापाशी गेला. झाकणाला कान लावायची गरज पडली नाही.

मच... मच... मच...

त्याने झाकण उचललं. आवाज थांबला. तळाशी त्याच डहाळ्या होत्या. आठवडा होत आला होता, पण पानं तशीच हिरवी. ओली. खड्ड्याच्या सिमेंटच्या भिंती गुळगुळीत झाल्या होत्या... चाटून चाटून.

तो न घासलेल्या तोंडाचा वास इतका दाट होता की हाताने बाजूला सारावा लागला असता.

अभयने मोजे चढवले, आत हात घातला. डहाळ्यांभोवती काहीतरी मऊ, कोमट, खरखरीत होतं. त्याने ओढलं. तेही ओढत होतं. एक मोजा हातातून निसटला आणि आतच राहिला.

त्याने मोजा शोधला नाही. पुढचं सगळं उघड्या हाताने काढलं. प्रत्येक पान. कोपरापर्यंत हात लाळेने माखला होता, आणि ज्या माणसाने जन्मात आईचं उष्टं खाल्लं नव्हतं तो रडत रडत मोजत होता, एखादी डहाळी राहिली तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी ती दोघं खिंडीत गेली. सुट्टीचा दिवस नव्हता, वाट ओस होती. सुनीती चार पावलं चालायची आणि अभयच्या खांद्यावर डोकं टेकायची. शेवटचा चढ त्याने तिला पाठुंगळी घेऊन काढला. ती फार हलकी लागली. त्याला त्या हलकेपणाचीच भीती वाटली.

सोजरबाईने त्याला लांबूनच ओळखलं.

"तुमीच का त्ये? ढीग न्हेनारे?" ती कडाडली. "अवो, मुंग्यांनी जीव खाल्लाय माजा! पिठात मुंग्या, साखरंत मुंग्या, भज्यावर मुंग्या. आधी एक मुंगी न्हवती हितं!"

"परत आणलंय," अभय म्हणाला. "बाई, हे नेमकं आहे तरी काय?"

"मला काय ठावं? सासू ठिवायची म्हनून म्या ठिवती. तिला इचारलं तर म्हनली, माजी सासू ठिवायची."

"तिच्या सासूला कोणी विचारलं नाही?"

"कामं पडलेली असत्यात मानसाला," सोजरबाई म्हणाली. "ठिवा आता. ज्याचा घास त्येनंच ठिवायचा."

अभयने डहाळ्या कातळाच्या वाटीवर रचल्या. वाटी आता कोरडी होती आणि तिच्यात मुंग्या फिरत होत्या. मग सुनीती पुढे झाली. तिने थालीपीठाचा तुकडा मोडला आणि डहाळीवर ठेवला.

"घे रे बाबा," ती म्हणाली. "पण सावकाश खा. मचमच करू नकोस, यांना आवडत नाही."

वारा पडला.

सगळी खिंड गप्प झाली... पाखरंसुद्धा...

अभयचे डोळे त्या घासावर खिळले होते. घास जाईल, म्हणजे सुटलो. त्याने आयुष्यात इतक्या भक्तिभावाने कशाकडेच पाहिलं नव्हतं.

मच.

आला आवाज! मच... मच...

"खातंय!" तो आनंदाने कुजबुजला.

पण घास तसाच होता. अख्खा. त्याच्या काठावर एक मुंगी चढत होती. मागून दुसरी.

अभय वळला. सुनीती मांडीवर डबा घेऊन थालीपीठ खात होती. भराभर. दोन्ही हातांनी. लोणी हनुवटीला लागलं होतं.

"उष्टं नाही लागत?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. नाही. तोंड भरलेलं होतं.

अभय तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. सोजरबाईने त्याला न मागता ताक दिलं. मग ती ढिगाकडे पाहत कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "मुंग्या हायतच की अजून."

"जातील हळूहळू," अभय म्हणाला.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितलीच नसती. आनंदाच्या गोष्टी लोक वाचत नाहीत.

संक्रांतीनंतर मी आणि माझी बायको त्यांच्याकडे जेवायला गेलो. सुनीती दारातच उभी होती. हसतमुख, डोळ्यांत चमक. डॉक्टरांनी म्हणे सोमवारची ती नळी रद्द करून अभयशी हस्तांदोलन केलं होतं. ब्लाउज मात्र अजून खांद्यावरून घसरत होता. चार-चार पोळ्या खाऊन.

माझ्या बायकोने आणलेली गुळाची पोळी ओट्यावर ठेवताना तिचा तुकडा खाली पडला. ती उचलायला वाकली. "अगं राहू दे," सुनीती म्हणाली. "आमच्याकडे मुंग्या नाहीत हल्ली. झुरळंसुद्धा नाहीत."

तुकडा आम्ही उचलला नाही. पानं मांडून होईपर्यंत तो तिथे नव्हता.

आम्ही जेवायला बसलो. अभय माझ्या शेजारी, सुनीती समोर. तिने पहिला घास घेतला.

मच... मच... मच...

तोंड उघडं ठेवून. सावकाश. चव घेत घेत.

मी अभयकडे पाहिलं. भर लग्नातून भुरक्यापायी उठून आलेला माझा भाऊ. मानेवरची शीर उडत होती. पण तो खाली मान घालून बसला होता. त्याने आपल्या पोळीचा पहिला तुकडा मोडला, वरणात बुडवला, आणि वर न बघता सुनीतीच्या ताटाच्या कडेला ठेवला.

तो लगेच गेला. तिचे दोन्ही हात तेव्हा आमटीच्या वाटीला होते.

अभय माझ्याकडे झुकला. त्याचे ओठ जेमतेम हलले.

"दादा," तो म्हणाला, "जेवतेय ती. काही बोलू नकोस."

मी मान डोलावली आणि भातावर तूप वाढून घेतलं.

पहिला घास घेतला.

उष्टा लागला.